पडणाऱ्या घरांची आगाऊ मोजदाद

६ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे तुर्कस्तानच्या आग्नेय भागात ७.८ क्षमतेचा भूकंप झाला आणि त्याच दिवशी दुपारी ७.५ क्षमतेच्या दुसऱ्या भूकंपाने, पहिल्यातून कशाबशा वाचलेल्या कित्येक इमारती जमीनदोस्त केल्या. एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक माणसे दगावली. ढिगारे उपसण्याचे काम पुरते संपलेही नव्हते, तोच जागतिक बँकेने तीन आठवड्यांत प्रत्यक्ष नुकसानीचा आपला अंदाज जाहीर केला: ३४.२ अब्ज डॉलर, म्हणजे त्या देशाच्या २०२१ सालच्या राष्ट्रीय उत्पादनाच्या चार टक्के. हा आकडा कोणी घरोघर फिरून काढला नव्हता. कोणत्या भागात जमीन किती हादरली, तेथे कोणत्या प्रकारच्या किती इमारती होत्या आणि त्या प्रकारच्या इमारती तेवढ्या हादऱ्याने कितपत मोडतात, या तीन गोष्टींच्या गुणाकारातून तो निघाला होता. वाचकाच्या मनात येथे एक साधा प्रश्न उभा राहावयास हवा. हा गुणाकार भूकंपानंतर तीन आठवड्यांत होऊ शकतो, तर भूकंपापूर्वी तीन वर्षे का होऊ नये?

उत्तर असे की, होऊ शकतो. इतकेच नव्हे तर जगातील अनेक शहरांत तो झालेला आहे. भूकंप कोणत्या दिवशी होणार हे आजही कोणास सांगता येत नाही आणि जे सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. परंतु विवक्षित जोराचा भूकंप झालाच, तर एखाद्या शहरातील किती घरे पडतील, किती तडकतील आणि कोणती उभी राहतील, याचा ठोकताळा बांधण्याचे शास्त्र गेल्या चाळीस वर्षांत बरेच पुढे गेले आहे. १९८५ साली कॅलिफोर्नियात अनुभवी अभियंत्यांना प्रश्नावल्या देऊन, त्यांच्या उत्तरांवरून निरनिराळ्या बांधकामांचे संभाव्य नुकसान कोष्टकात मांडण्यात आले. १९९७ साली अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती यंत्रणेने याच कामासाठी संगणकप्रणाली प्रसृत केली. १९९९ साली मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी खुद्द मुंबई शहरासाठी अशा कल्पित भूकंपाचे चित्र मांडले होते. ते किती नगरसेवकांनी वाचले असेल, हे विचारण्यात अर्थ नाही.

या शास्त्रातील हिशेब सामान्य वाचकाला कळू नये इतका अवघड नाही. एका भूकंपाची क्षमता एकच असते, पण त्याची तीव्रता गावागावांत, किंबहुना एकाच शहराच्या पेठापेठांत निराळी असते. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाचे केंद्र मेक्सिको सिटीपासून साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर, प्रशांत महासागराच्या किनाऱ्याजवळ होते. तरीही जुन्या आटलेल्या सरोवराच्या गाळावर वसलेला त्या शहराचा भाग भयंकर हादरला. त्यातही सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना सर्वाधिक फटका बसला, कारण त्या उंचीच्या इमारतींच्या झोक्याची लय आणि खालच्या गाळाच्या झोक्याची लय जुळली. कठीण जमिनीवरील वस्ती त्या मानाने बचावली. तेव्हा पहिला हिशेब जमिनीचा. समुद्रात भराव घालून सात बेटे जोडलेल्या मुंबईने हे विसरू नये.

दुसरा हिशेब घरांच्या जातीचा. युरोपात १९९८ साली रूढ झालेल्या मापनश्रेणीत बांधकामांचे सहा वर्ग पाडलेले आहेत. मातीच्या किंवा अनघड दगडांच्या भिंतींचे घर सर्वांत दुबळ्या वर्गात पडते. भूकंपाचा विचार करून काळजीपूर्वक बांधलेली काँक्रीटची वा पोलादी सांगाड्याची इमारत वरच्या वर्गांत जाते. तिसरा हिशेब मोडतोडीचा. केसाएवढे तडे ही पहिली पायरी, पूर्ण कोसळणे ही पाचवी. अमुक तीव्रतेला अमुक वर्गातील शंभर घरांपैकी किती घरे कोणत्या पायरीवर येतात, याचा अनुभव मागील भूकंपांतून गोळा केलेला असतो. त्यावरून नुकसानीचे गुणोत्तर निघते, म्हणजे दुरुस्तीचा खर्च भागिले तेच घर नव्याने बांधण्याचा खर्च. या गुणोत्तराला घरांच्या किमतीने गुणले की रुपयांचा आकडा तयार होतो.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाची पहिली हरकत नेमकी या शेवटच्या पायरीवर आहे. समजा, एका प्रभागात दोन कोटी रुपयांचा एक बंगला आहे आणि शेजारी दोन-दोन लाखांची पाच घरे आहेत. भूकंपात बंगल्याचा गिलावा उडाला, पाच टक्के नुकसान झाले; पाचही घरे मात्र माणसांसकट भुईसपाट झाली. रुपयांत दोन्हीकडचे नुकसान दहा लाखच भरते. हिशेबात चूक नाही, पण या हिशेबावर विसंबून जो शासक निधीची वाटणी करील तो मोठी चूक करील.

हे उदाहरण वर्गातील फळ्यापुरते आहे असे कोणी समजू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपी गेले असताना, किल्लारीच्या परिसरात ६.२ क्षमतेचा भूकंप झाला आणि जवळजवळ आठ हजार माणसे गेली. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, तीही पहाटच, लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात ६.७ क्षमतेचा भूकंप झाला. त्यात मुक्त झालेली ऊर्जा किल्लारीच्या पाचपटीहून अधिक होती आणि वस्ती लाखांची होती. मृतांची संख्या साठच्या आसपास राहिली. मालमत्तेचे नुकसान मात्र वीस अब्ज डॉलरांच्या वर गेले. निव्वळ पैशाचा तराजू घेऊन बसल्यास नॉर्थरिज हे महासंकट ठरते आणि किल्लारी ही किरकोळ घटना.

किल्लारीच्या त्या घरांना बाजारभावाने किंमत जवळजवळ नव्हतीच. दोन-तीन फूट रुंदीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर लाकडी तुळयांवर मातीचे जाड माळवद. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार, आणि गळती थांबविण्यासाठी मातीचे नवे थर चढत गेल्याने वर्षागणिक जड होत जाणारी ही घरे होती. त्या भागात १९९२ पासून लहान हादरे बसत होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेने दख्खनचा खडक स्थिर असल्याचा समज एकदा मोडलेलाही होता. तरी देशाच्या भूकंप-नकाशात किल्लारीचा प्रदेश सर्वांत निर्धास्त अशा पहिल्या पट्ट्यातच राहिला. २००२ च्या नकाशात तो पहिला पट्टा काढून टाकण्यात आला, पाचाचे चार झाले. नकाशा सुधारतो, पण तो बहुधा प्रेते मोजून झाल्यावर सुधारतो.

किल्लारी हे खेडे होते, शहरांत काँक्रीट आहे, तेव्हा शहरवासीयांनी धास्ती का घ्यावी, असे कोणी म्हणेल. याचे उत्तर अहमदाबादने देऊन ठेवले आहे. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये ७.७ क्षमतेचा भूकंप झाला. भुज, भचाऊ, अंजार ही गावे केंद्राच्या जवळची. त्यांची वाताहत समजण्याजोगी होती. अहमदाबाद तेथून दोनशे किलोमीटरांहून दूर. असे असूनही तेथे काँक्रीटच्या बहुमजली इमारती मोठ्या संख्येने कोसळल्या आणि शेकडो माणसे मेली. यांतील बऱ्याच इमारतींचा तळमजला मोटारी ठेवण्यासाठी मोकळा सोडलेला होता. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींमुळे ताठरपणा येतो. खाली नुसते खांब असतात. जमीन आडवी हलू लागली की सारी लचक त्या एकाच मजल्याला सोसावी लागते, खांबांची टोके फुटतात आणि वरचे मजले जवळजवळ अभंग अवस्थेत खाली बसतात. भूकंपरोधक बांधकामाची भारतीय प्रमाणसंहिता १९६२ पासून अस्तित्वात होती. ती पाळली जाते की नाही हे पाहणारा कोणी नव्हता. २००२ च्या सुधारित संहितेने अशा मोकळ्या मजल्याचे खांब हिशेबाने येणाऱ्या बलाच्या अडीचपट बलासाठी बांधावेत, असा नियम केला. पण त्यापूर्वी उभ्या राहिलेल्या इमारतींचे काय? संध्याकाळी फिरावयास निघालो की आमच्या गल्लीतील निम्म्याहून अधिक इमारती अशाच काठ्यांवर उभ्या असलेल्या दिसतात. प्रस्तुत लेखकाचे बिऱ्हाडही त्यांपैकीच एका इमारतीत आहे.

आता या इमारती मोजल्या कोणी? केंद्र सरकारच्या एका संस्थेने १९९७ मध्ये देशातील घरांच्या आपत्तीप्रवणतेचा नकाशासंग्रह प्रथम काढला; त्याची तिसरी आवृत्ती २०१९ मध्ये निघाली. काम मोलाचे आहे. पण त्याचा आधार जनगणनेतील घरयादी हा आहे, आणि घरयादीत काय विचारतात? भिंत कशाची, छप्पर कशाचे, जमीन कशाची. घर चांगले, राहण्याजोगे की मोडकळीस आलेले. इमारतीला मजले किती, बांधून किती वर्षे झाली, तळमजला मोकळा आहे काय, हे त्यात नाही. त्यामुळे किल्लारीचे घर या यादीत ओळखू येते, अहमदाबादचे ओळखू येत नाही. काँक्रीटचे छप्पर आणि भाजक्या विटांची भिंत एवढे लिहिले की उत्तम बंगला आणि काठ्यांवरचा पाच मजली सांगाडा एकाच रकान्यात जाऊन बसतात. त्यातून २०११ नंतरची जनगणना वेळेवर झाली नाही, आणि या काळात आपल्या शहरांच्या कडेला किती मजले चढले हे कोणीही डोळ्यांनी पाहू शकतो.

गंमत अशी की हवी असलेली माहिती शहरातच, महानगरपालिकेच्याच एका खात्यात पडून असते. मालमत्ता कर आकारण्यासाठी इमारतीचे क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर या नोंदी पालिकेला ठेवाव्याच लागतात. इमारत जुनी असेल तर घसारा द्यावयाचा, म्हणून वय पाहिले जाते. ज्या वयामुळे करात सूट मिळते त्याच वयामुळे घर धोक्याचे ठरते, परंतु कर खात्याचे दप्तर बांधकाम खात्याकडे त्या कामासाठी जात नाही. एक-दोन रकाने वाढविले आणि प्रशिक्षित माणसांनी रस्त्यावरून निरीक्षण करून ते भरले, तर शहराच्या अंदाजाचा कच्चा खर्डा तयार होईल. अशा झटपट पाहणीची पद्धत अमेरिकेत १९८८ पासून पुस्तिकेच्या रूपाने उपलब्ध आहे. आपल्याकडील अभियंतेही ती जाणतात.

मग हे होत का नाही? पैसा नाही, हे उत्तर पटण्यासारखे नाही, कारण मोजणीचा खर्च फार नाही. खरे कारण असे की ही माहिती कोणालाच नको आहे. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत दोन वर्षांपूर्वी खांबांची तपासणी अभियंत्याकडून करून घ्यावी, असा ठराव प्रस्तुत लेखकाने मांडला. चर्चा दहा मिनिटे चालली. एका सभासदाने, जो स्वतः हिशेबनीस आहे, शांतपणे विचारले, ‘सर, अहवाल वाईट आला तर तो कागद लपवायचा कुठे? उद्या मला फ्लॅट विकायचा आहे.’ ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब झाला, आणि पुढील सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. मी त्या गृहस्थाला दोष देत नाही. त्याने अर्थशास्त्र माझ्यापेक्षा चांगले सांगितले.

जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्याला मालाचा दोष ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो, तेव्हा तो बाजारच नासतो. घरांच्या बाजारात याहून विचित्र प्रकार आहे. येथे विकणाऱ्यालाही दोष ठाऊक नसतो आणि तो ठाऊक करून घेण्यात त्याचा तोटा असतो. न तपासलेले घर पूर्ण किमतीला जाते, तपासून दुबळे ठरलेले पडत्या किमतीला. कर्ज देणारी बँक मालकीहक्काचे कागद तीस वर्षे मागे जाऊन पाहते. खांबातील लोखंडाची चौकशी ती त्या कसोशीने करीत नाही. नगरपालिकेचीही स्थिती वेगळी नाही. एखादी इमारत धोक्याची आहे असे तिने लिहून ठेवले की रहिवाशांना हलविण्याची जबाबदारी येते, आणि संक्रमण शिबिरांत जागा नसते. लिहून ठेवले नाही, तर भूकंप ही देवाची करणी. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी रहिवाशांनी करून घ्यावी, अशी तरतूद राज्यातील महानगरपालिकांच्या कायद्यांत आहे. परंतु ती तपासणी बहुधा गंजलेल्या सळया आणि गळक्या स्लॅबपुरती असते. इमारत आडवा हादरा सोसेल काय, हा प्रश्न तीत क्वचितच विचारला जातो.

येथे एक आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे. असे अंदाज चुकतात, मग ते करावयाचे कशाला? चुकतात हे खरे. १९९८ साली काठमांडू खोऱ्यासाठी असा अंदाज काढण्यात आला. १९३४ च्या भूकंपाइतके हादरे पुन्हा बसल्यास खोऱ्यात सुमारे ४०,००० मृत्यू, ९५,००० जखमी आणि सहा लाखांहून अधिक बेघर, असे त्याचे आकडे होते. २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ क्षमतेचा भूकंप झाला. साऱ्या नेपाळात जवळजवळ नऊ हजार माणसे गेली, पण खोऱ्यातील मृतांची संख्या दोन हजारांच्या आत राहिली. दिवस शनिवारचा, म्हणजे तेथील साप्ताहिक सुट्टीचा. वेळ दुपारची, बारा वाजण्याच्या सुमाराची. शिवाय खोऱ्यात जमीन संथ, लांब झोक्याने हलली, त्यामुळे ठेंगणी घरे बरीच बचावली. अंदाजात धरलेला भूकंप हा नव्हताच. आकड्याच्या दृष्टीने अंदाज कित्येक पटींनी फसला, असे म्हणता येईल.

तरीही त्या अंदाजातून जे काम निघाले ते फसले नाही. शाळांच्या इमारती सर्वांत दुबळ्या आहेत हे पाहणीत दिसून आल्यावर तेथील कार्यकर्त्यांनी गावोगावच्या गवंड्यांना शिकवून, विटांच्या भिंतींना पट्टे व जाळ्या बांधून, शाळा बळकट करण्यास आरंभ केला. २०१५ साली नेपाळात हजारो शाळांची पडझड झाली. बळकट केलेल्या शाळा उभ्या राहिल्या आणि काहींत लोकांनी आसरा घेतला. अंदाजाचा उपयोग मृतांचा आकडा बिनचूक सांगण्यात नसतो. कोणती घरे आधी हाती घ्यावीत, याचा क्रम त्याने लावून द्यावयाचा असतो. हा क्रम लावण्यासाठी शहराची एकूण बेरीज निरुपयोगी आहे. यादी हवी, घरागणिक.

लॉस एंजेलिसने हेच केले. २०१५ च्या ऑक्टोबरात तेथील नगरपालिकेने, खाली मोकळा मजला असलेल्या लाकडी सांगाड्याच्या सुमारे १३,५०० इमारतींची सक्तीने मजबुती करण्याचा वटहुकूम काढला. त्या इमारती कोणत्या, हे नगरपालिकेच्या माणसांनी आधी गल्लोगल्ली शोधून काढले. मालकांना मुदती दिल्या, आणि खर्चाचा निम्मा भाग भाडेकरूंकडून दीर्घ हप्त्यांनी, मासिक मर्यादेत वसूल करण्याची मुभा दिली. मालक आणि भाडेकरू दोघेही कुरकुरले, आणि ते साहजिक होते. याउलट तुर्कस्तानने २०१८ साली बेकायदा बांधकामांना दंड भरून नियमित करण्याची योजना आणली. तिच्यातून तिजोरीत भर पडली आणि घरांच्या कागदांवर शिक्का आला; खांब होते तसेच राहिले. ‘गुंठेवारी’ आणि ‘नियमितीकरण’ हे शब्द ज्यांच्या परिचयाचे आहेत त्यांना या योजनेचे स्वरूप वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या महानगरपालिकांनी, निदान दोन लाखांहून मोठ्या शहरांनी, काठ्यांवरच्या इमारतींची अशी यादी करून ती खुली ठेवावी. यादी खुली झाली की माझा फ्लॅट उतरेल, माझ्या हिशेबनीस शेजाऱ्याचाही उतरेल. परंतु गल्लीतील सर्वांचे एकाच दिवशी उतरले तर कोणा एकावर अन्याय झाला असे होत नाही, आणि खांबांना जाकीट घालण्याचा खर्च करणाऱ्याला त्याचा मोबदला किमतीत मिळू लागतो. आज तो मिळत नाही. या खर्चासाठी मालमत्ता करात काही वर्षे सूट देता येईल. बँकांना दुरुस्तीकर्ज कमी व्याजाने देण्यास सांगता येईल.

अडचण आहे ती जुन्या पेठांतील वाड्यांची आणि चाळींची. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. पन्नास रुपये भाडे घेणाऱ्या मालकाला दुरुस्तीची बुद्धी होत नाही, आणि भाडेकरूला दुरुस्ती ऐपतीबाहेरची असते. इमारत धोक्याची ठरावी असे मालकाला मनातून वाटते आणि ती ठरू नये यासाठी भाडेकरू धडपडतो, कारण धोक्याची नोटीस म्हणजे त्याच्या लेखी बेदखलीचीच नोटीस असते. अशा ठिकाणी यादी नुसती भिंतीवर चिकटवून भागणार नाही. मोजणीच्या दिवशीच प्रत्येक खोलीतील कुटुंबाचे नाव, ताब्यातील क्षेत्रफळ आणि त्याच जागी परत येण्याचा हक्क यांची नोंद करून त्याचा सही-शिक्क्याचा दाखला कुटुंबाच्या हाती पडावयास हवा. तो कागद हाती नसेल तर तपासणीला आलेल्या अभियंत्याला लोक जिन्यातूनच परत पाठवतील, आणि त्यांनी तसे केले तर त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार आपणास नाही.